चारशे ऐंशी ओळींचं जहाज

माझी आत्या स्वयंपाकघरं आखते. फर्निचरच्या एका मोठ्या दुकानात मागच्या बाजूला काचेची खोली आहे, तिथे तिचं टेबल. गिऱ्हाईक सांगतं, सिंक खिडकीखाली हवं, ओट्याखाली तीन ड्रॉवर हवेत, आणि आत्या अर्ध्या तासात सगळं कॉम्प्युटरवर उभं करून, गोल फिरवून दाखवते. बावीस वर्षं ती हेच करते आहे. पण त्याआधीची पाच वर्षं तिने अंतराळातली जहाजं केली होती, आणि आमच्या घरात तिची खरी ओळख तीच. बाबा, म्हणजे तिचा थोरला भाऊ, अजूनही लोकांना सांगतात, "ही आमची जहाजवाली."

जहाजं होती टीव्हीवरच्या एका मालिकेतली. माणसांची दृश्यं स्टुडिओत कॅमेऱ्याने घेतली जायची. जहाजं, ग्रह, स्फोट हे सगळं मात्र टायरच्या दुकानावरच्या एका लांबट खोलीत, अकरा कॉम्प्युटरवर तयार व्हायचं. तिथे चार माणसं होती आणि आत्या त्यांची मुख्य. जहाजाचा सांगाडा ती रचायची, आणि त्यावरची कातडी, म्हणजे पत्रा, गंज, ओरखडे, अक्षरं, हे एकजण रंगवायचा. त्याला सगळे रंगारीच म्हणत. मग कॉम्प्युटर एकेक चित्र काढायला बसायचे. एका चित्राला चाळीस मिनिटं, आणि पडद्यावरच्या एका सेकंदाला अशी चोवीस चित्रं. आत्या सांगायची की यंत्रं इतकी तापायची, की खोलीत पंखा लावला तरी अंगावर गरम वाराच यायचा.

या गोष्टीचा शेवट ती नेहमी एकाच वाक्याने करायची. "मी जीव तोडून सांगत होते, चित्रं मोठी करू या, रुंद करू या, पुढे उपयोगी पडतील. पण वरची माणसं कंजूष. ऐकतंय कोण!"

मी लहानपणापासून हे ऐकत आले होते. मला ते वाक्य पाठ होतं.

गेल्या वर्षी ती मालिका डिस्कवर निघाली. खोक्यावर ठळक छापलं होतं: रुंद पडद्यासाठी, नव्याने स्वच्छ केलेली. बाबांनी त्याच दिवशी विकत आणली आणि रविवारी सकाळी आत्याला बोलावून घेतलं. आमचा टीव्ही जवळजवळ भिंतीएवढा आहे. आत्या इस्त्रीची साडी नेसून आली होती आणि समोर बसूनही सारखी पदर नीट करत होती.

मालिका सुरू झाली आणि आम्ही सगळे पुढे सरकलो. इतकं लख्ख चित्र! कप्तानाच्या कपाळावरचा घाम दिसत होता, कॉलरवरचा सुटलेला दोरा दिसत होता. "वा!" बाबा म्हणाले. आणि तेवढ्यात जहाज आलं.

काचेवर कोणीतरी तेलाचा हात फिरवावा तसं चित्र एकदम धूसर झालं. जहाजाच्या कडांना पायऱ्या पडल्या होत्या. वरचं टोक पडद्याबाहेर कापलं गेलं होतं, खालचे पाय गायब होते. राखाडी रंगाची, पाण्यात विरघळत आलेली साबणाची वडी सरकत जावी, तसं ते गेलं. मग पुन्हा कप्तान, पुन्हा लख्ख.

बाबा उठले. डिस्क काढून त्यांनी शर्टाच्या टोकाने नीट पुसली आणि परत घातली. "खराब निघाली वाटतं," ते म्हणाले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा पुसायला निघाले तेव्हा आत्या म्हणाली, "दादा, राहू दे. डिस्क चांगली आहे."

ती उठून टीव्हीपाशी गेली. नाक काचेला लागेल इतक्या जवळ. जहाज पुन्हा आलं. तिने बोट ठेवलं आणि ते हळूहळू वर नेलं, पडद्याच्या कडेबाहेर भिंतीवर. "इथे," ती म्हणाली, "इथे तीन मनोरे होते." तिचा चेहरा मला कोरा दिसला, वाईट बातमीचा फोन आल्यावर माणसाचा होतो तसा. आईने आणलेला चहा तसाच गार झाला.

दुसऱ्या दिवशी ती डिस्क काढणाऱ्या कंपनीला फोन लावत होती आणि गुरुवारी दुपारी मी तिच्यासोबत तिथे गेले. चित्रं स्वच्छ करण्याचं काम बघणारे गृहस्थ चाळिशीतले होते, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. आत्याने आपण कोण ते सांगितलं आणि ते खुर्चीवरून उठूनच उभे राहिले.

"जहाजं तुम्ही केलीत? अहो ताई, शाळेतून पळत घरी यायचो आम्ही!"

"मग त्यांची ही दशा का केलीत?"

ते ओशाळले. दोन खुर्च्या ओढून त्यांनी आम्हाला पडद्यासमोर बसवलं आणि सगळं दाखवलं. माणसांची दृश्यं फिल्मवर होती. फिल्म रुंद होती आणि तिच्यातून आजही हवं तेवढं बारीक चित्र काढता येत होतं. जहाजं मात्र फिल्मवर कधी उतरलीच नव्हती. ती कॉम्प्युटरमधून थेट टेपवर गेली होती, जुन्या टीव्हीच्या मापाची: अरुंद चित्र, उभ्यात फक्त चारशे ऐंशी ओळी. रुंद पडदा भरायचा म्हणून ते चित्र ताणून मोठं केलं आणि वरून-खालून मिळून चौथा हिस्सा कापला.

"जेवढे ठिपके टेपवर आहेत तेवढेच आहेत, ताई. नवे कुठून आणू?"

"पण फाइली आहेत ना! सांगाडे, कातड्या, सगळं. आजच्या यंत्रावर पुन्हा चित्रं काढायची, हवी तेवढी मोठी. सगळं मालिकावाल्यांकडे दिलं होतं, तिथून तुमच्याकडे आलंच असेल!"

"आमच्याकडे तयार टेप आल्या. फाइली नाही." त्यांनी कपाटाकडे पाहिलं. "कागद आले होते. बघायचे असतील तर..."

त्यांनी एक फाइल आणली. ती मलाही दिसावी म्हणून आत्याने दोघींच्या मध्ये धरली. मला वाटतं, तिला साक्षीदार हवा होता.

पहिला कागद दिग्दर्शकांचा होता, टाइप केलेला. पुढे कधीतरी रुंद टीव्ही येतील, म्हणून आम्ही कॅमेऱ्याने रुंदच चित्रण करतो आहोत. जहाजंही रुंद करावीत. आत्ता कडा दाखवणार नाही, पण हाताशी असाव्यात. खाली निळ्या शाईत उत्तर होतं: "शक्य नाही. तीन तासांच्या कामाला चार तास लागतील. टीव्हीवर एवढं कोणाला दिसणार आहे?"

अक्षर मी ओळखलं. माझ्या प्रत्येक वाढदिवसाच्या पाकिटावर तेच असतं.

मागे आणखी पाच कागद होते, वर्षाला एक. पहिल्या चारांवर एकच मजकूर: "मागची सगळी जहाजं पुसली. नव्या कामाला जागा हवी." पाचवा यंत्रं विकतानाचा: "सगळं पुसून दिलं." पाचही कागदांखाली आत्याची सही.

आत्याने कागद उलटे केले, सुलटे केले, जणू मागे कोणा दुसऱ्याचं नाव सापडेल. गृहस्थांनी पाण्याचा ग्लास पुढे केला तो तिने घेतला आणि न पिता माझ्या हातात दिला.

बसस्टॉपवर आमच्या तीन बस निघून गेल्या. मी उठवलं तरी ती उठेना.

"मी खोटं नव्हते गं बोलत," ती शेवटी म्हणाली. "मला खरंच तसंच आठवत होतं. आत्ताही तसंच आठवतंय. मी सांगते आहे आणि ते ऐकत नाहीत, अगदी डोळ्यासमोर दिसतंय मला. आणि सही माझी आहे."

पंचवीस वर्षं जिवापाड जपलेली गोष्ट मुळात घडलीच नव्हती, हे कळल्यावर माणसाला काय सांगायचं?

रविवारी तिने बाबांना स्वतःहून सगळं सांगितलं. बाबा गडबडले. "अगं, तेव्हा कोणाला माहीत होतं रुंद टीव्ही येणार म्हणून?"

"त्यांना माहीत होतं, दादा. कागदावर लिहून दिलं होतं त्यांनी."

मग तिला एक गोष्ट आठवली. फर्निचरच्या दुकानात मुलाखतीला जाताना कामाचा नमुना म्हणून तिने एक दृश्य घरच्या डिस्कवर उतरवून नेलं होतं. चार सेकंदांचं, मालवाहू जहाज बंदराला लागतं ते. तयार चित्र नव्हे, तर सांगाडा आणि कातडीसकट आख्खी फाइल. शाळा-कॉलेजच्या प्रमाणपत्रांच्या फोल्डरमध्ये ती डिस्क निघाली. त्या गृहस्थांनी दोन आठवडे खटपट करून ती उघडली आणि फोन केला. "लगेच या. फोनवर सांगत नाही."

आम्ही गेलो. त्यांनी ते दृश्य आजच्या मापाने, रुंद, बारीक, नव्याने काढलं होतं. एका चित्राला आता नऊ सेकंद लागले होते.

जहाज पडद्यावर आलं आणि आत्याच्या तोंडून आवाज निघाला, ठेच लागल्यावर निघतो तसा.

पत्र्याला ठिगळं होती, आणि प्रत्येक ठिगळाचे खिळे वेगवेगळ्या हातांनी ठोकलेले वाटत होते. दारापाशी हात लागून लागून रंग उडाला होता. बाजूला पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं, "इथे पाय ठेवू नये", आणि नेमकं तिथेच बुटाचा ठसा. गृहस्थांनी दार आणखी मोठं केलं. चौकटीवर खिळ्याने ओढलेल्या रेघा होत्या, एकावर एक, प्रत्येकीपुढे तारीख. मुलाची उंची मोजायला घरात ओढतात तशा. टीव्हीवर हे आख्खं दार तीन ठिपक्यांचं होतं.

"मी हे कधी पाहिलंच नाही," आत्या म्हणाली. "माझ्या जहाजावर होतं, आणि मी पाहिलं नाही. रंगाऱ्याचं आहे हे. त्याची चित्रं इतकी मोठी असायची की यंत्र अडकायचं. रोज भांडायचे मी त्याच्याशी."

रंगारी सापडायला अवघड गेला नाही. त्याचं दारावरच्या पाट्यांचं दुकान होतं. आम्ही गेलो तेव्हा तो एका डॉक्टरांच्या नावाची पाटी रंगवत होता. त्याने मान वर केली आणि ब्रश खाली ठेवला नाही.

"तू? इतक्या वर्षांनी?"

आत्याने त्या चित्राची छापील प्रत त्याच्यासमोर धरली. तो ती बराच वेळ बघत राहिला.

"दारावरच्या खुणा कोणाच्या?" तिने विचारलं.

"माझ्या मुलीच्या. आमच्या घरच्या दारावरून उतरवल्या होत्या." त्याने कागद जरा दूर धरला. "हे दोन दिवसांत उरकलेलं काम आहे. तुझीच घाई होती. खरं काम मोठ्या जहाजावर होतं. चार महिने खपत होतो. प्रत्येक खिडकीमागे खोली रंगवली होती. खोलीत माणसं. कोणी केस विंचरतंय, कोणी कपडे वाळत घालतंय. एका खिडकीत तू होतीस, यंत्राशी भांडताना."

आत्या गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली. "एकशे बारा खिडक्या होत्या," ती म्हणाली. "सांगाड्यात मीच पाडल्या होत्या. आणि मीच ते पुसलं."

"माहीत आहे. मी मागेच उभा होतो."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो होतो. तू म्हणालीस, कोणाला दिसणार आहे?"

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रंगारी पाटीकडे वळला, एक वेलांटी पूर्ण केली, आणि मग पाठमोराच म्हणाला, "चहा घेणार का?"

डिस्कची नवी आवृत्ती निघाली तेव्हा त्या गृहस्थांनी मालवाहू जहाजाचे चार सेकंद बदलले. बाकीची जहाजं आत्याच्या आग्रहावरून न कापता, न ताणता, अरुंदच ठेवली. दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले म्हणून लोकांनी तक्रारी केल्या. मोठं जहाज कायमचं गेलं, त्याला इलाज नाही.

शनिवारी दुपारी आत्या आता पाट्यांच्या दुकानात जाते. रंगारी आठवून आठवून खिडक्यांची चित्रं कागदावर काढतो आणि ती खिडकीचा नंबर टाकते. आतापर्यंत एकोणीस झाल्या आहेत. विसाव्या खिडकीत बाई होती की मांजर, यावरून गेले तीन शनिवार दोघांचं भांडण चालू आहे.