धंदा बंद

बोरीवलीच्या त्या घरात जेवणाच्या टेबलाला ‘ऑफिस’ म्हणायची सक्ती होती. सांख्यिकी खात्यात उभं आयुष्य काढलेल्या पद्मजा ओगलेंना चोपन्नाव्या वर्षी बढती मिळाली ती नागपूरची, आणि घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. पद्मजाने स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि स्वतंत्र अर्थतज्ज्ञ म्हणून पाटी लावली. पाटी कसली, व्हिजिटिंग कार्डं छापली. सासूबाई वर्षभरात गेल्या. कार्डं मात्र गठ्ठ्याने उरली.

बँकेतून निवृत्त झालेला नवरा नंदकिशोर चहा आणून देताना ‘शिपाई हजर आहे, मॅडम’ म्हणायचा आणि ती हसायची. पण आतून तिला धास्ती होती, की खुर्ची सोडली तेव्हाच आपली किंमतही संपली. पूर्वी तिचा फोन गेला की लोक उठून उभे राहायचे. आता तीच माणसं मीटिंगमध्ये असायची.

म्हणून जेट्टीचं काम आलं तेव्हा ती मोहरून गेली. एका खाजगी कंपनीला गोराईच्या बाजूला खाडीत जेट्टी बांधायची होती. त्यामुळे किती घरांच्या मासेमारीवर गदा येईल हे पद्मजाने सांगायचं, आणि तेवढ्याच घरांना भरपाई मिळणार. अहवाल वेळेत दिलात तर पुढची कामंही तुमचीच, असं कंपनीच्या सुशांतने तोंडभरून सांगितलं होतं. प्रश्नावली तिने स्वतः केली, अगदी सुटसुटीत. धंदा चालू की बंद? दोन चौकोन. जुलैत कॉलेजची मुलं गावात फिरून आली. बहुतेक घरांपुढे ‘बंद’ अशी खूण होती, म्हणजे भरपाईची घरं मोजकीच. सुशांत खूश झाला.

सही करण्याआधी स्वतः गावात एक चक्कर मारायची, ही पद्मजाची खात्यातली खोड. साहेब लोक हसायचे, तरी ती जायची. तशी ती फेरीबोटीने पलीकडे गेली आणि यादीतल्या मॉनिका नावाच्या बाईच्या ओटीवर जाऊन टेकली. भिंतीवर मरियामातेची तसबीर होती आणि खाली नवरा-बायको मिळून जाळं दुरुस्त करत होते. पद्मजाने, बिचाऱ्यांचं मन दुखणार नाही अशा बेताने विचारलं, की पिढीजात धंदा बंद का केलात?

मॉनिकाने जाळ्यातून मान वर केली.

“आम्ही नाय केला बाय. पावसात धंदा बंदच असतो ना. ऑगस्ट लागला का होडी पाण्यात.”

पद्मजाचा चेहरा खर्रकन उतरला. खरीप-रब्बी तिला तोंडपाठ होतं, पण समुद्रालाही हंगाम असतो हे तिच्या शाकाहारी घरात कधी कुणाच्या बोलण्यात आलं नव्हतं. कामासाठी अख्खा महाराष्ट्र पालथा घातला आणि घराजवळच्या खाडीचं काही ठाऊक नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. बाईला चक्कर आली असं समजून मॉनिकाने जाळं टाकलं, पाणी दिलं, कोरा चहा पाजला आणि बोटीपर्यंत सोडायला आली. त्या मायेने पद्मजाला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी पोचताच तिने सुशांतला फोन केला. पाहणी सप्टेंबरात पुन्हा करावी लागेल, म्हणाली. तो गोड बोलत राहिला. वेळापत्रक ठरलंय, वरिष्ठांना शब्द दिलाय, वगैरे.

“आणि मॅडम, लोकांनी स्वतःच्या तोंडाने बंद सांगितलंय. आपण थोडंच त्यांच्या तोंडात घातलं?”

“त्यांनी खरं तेच सांगितलं रे. मी चुकीचं विचारलं.”

मग त्याचा सूर बदलला. तुम्ही नाही तर दुसरे कुणी सही करतील, असं त्याने सुचवलं. पद्मजाने शांतपणे सांगितलं, की प्रश्नावली माझी आहे, चूक माझी आहे, आणि ती मी कळवणार, तुम्हालाही आणि परवानगी देणाऱ्या कार्यालयालाही. त्याच संध्याकाळी तिने दोन्हीकडे आपल्या नावानिशी लिहून पाठवलं. पुढची कामं गेली, हे सांगायला कुणा ज्योतिषाची गरज नव्हती.

नंदकिशोरने सगळं ऐकून घेतलं. तो रागावेल किंवा समजूत घालेल असं तिला वाटलं होतं. त्याने फक्त तिच्या शेजारी खुर्ची ओढली.

“खात्यात असतीस तर काय केलं असतंस गं?”

“शेरा मारला असता आणि फाइल वर पाठवली असती.”

“आणि आता?”

पद्मजाने टेबलावरचा कार्डांचा गठ्ठा सरळ केला.

“आता वर कोणी नाही रे. मीच आहे.”