मापसर

"सर, चार आणले," असं म्हणून सुटायची सोय नव्हती. "चार काय? पेरू का पाहुणं?" सर लगेच विचारायचे. माप न सांगता नुसता आकडा बोललेला त्यांना खपायचा नाही. म्हणून सांगलीच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या या माणसाला आम्ही मापसर म्हणायचो. सत्तरच्या दशकात मी त्यांचा सहायक होतो. सहायक म्हणजे, समुद्र न पाहताच समुद्रावर तावातावानं बोलणारा खंडाळ्याकडचा दीडशहाणा.

महासागराच्या तळाशी डोंगरांची लांबच लांब रांग आहे. तिच्याखाली कुठं कुठं पृथ्वीच्या पोटातून तापलेल्या खडकाचा झोत वर येतो आणि तिथला तळ फुगतो. त्या फुगवट्यावरून झोताचा जोर काढायचा, हे सरांचं वेड. "चुलीतला जाळ दिसत न्हाई ना? मग भाकरी किती फुगली ती बघायची!"

नकाशांवरून खोलीचे आकडे वहीत उतरवायचं काम माझं. महिनाभर उतरवले, गणित मांडलं, तर काय! आमचा झोत जगात भारी निघाला. मी कुपवाडच्या मित्रांना चहा पाजला. पुण्याच्या परिषदेत निबंध पसंत पडला, तर सरांना संशोधनाच्या जहाजावर जागा मिळणार होती. समुद्रावर वारं लागतं म्हणून त्यांनी नवा मफलरही घेतला.

परिषदेत एका म्हाताऱ्या शास्त्रज्ञानं विचारलं, "हा मधला नकाशा मीटरमध्येच आहे ना?" मी नकाशाच्या कोपऱ्यातलं माप वाचलं. तो एकच नकाशा फॅदममध्ये होता. एक फॅदम म्हणजे सहा फूट. मी तो मीटर समजून समुद्राचा तळ जवळजवळ निम्म्या खोलीवर आणून ठेवला होता. झोत कसला, सगळा जोर माझ्या अकलेचा!

सर म्हणाले, "आकडे मी तपासायला हवे होते. चूक माझी." माझं नावसुद्धा काढलं नाही.

जहाज हातचं गेलं. परतीच्या एसटीत मी रडायच्या बेतात. सातारा सुटल्यावर सर म्हणाले, "गड्या, तुमच्या गावात विहीर कशात मोजत्यात?"

"परसात, सर. हात वर करून माणूस उभा राहिला की एक परस."

"मग? विहिरीला माप इचारतोस, आन् समुद्राला इचारायला लाज वाटली व्हय रं?"

आणि तो नवा मफलर माझ्या गळ्यात टाकून खुशाल झोपले.

सरांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. जहाज त्यांना पुन्हा कधी मिळालं नाही. आता मीही शिकवतो; वर्गात कुणी नुसता आकडा सांगितला की विचारतो, "चार काय?" पोरं हसतात. हसू देत.

सरांनी हा प्रश्न भाजीवाल्यापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना विचारला. माझ्या त्या वहीला मात्र विचारला नाही. परिषदेच्या आधी ते शेजाऱ्याला सांगत होते, "पोरानं लिवलंय म्हंजे बघूनच लिवलं असणार." मी दाराबाहेर उभा राहून ते ऐकलं होतं, आणि छाती फुगवून घरी गेलो होतो.