खुर्चीची सवारी

शामरावांच्या शेजारी मी सात-आठ वर्षं काढली, आणि त्यातली बहुतेक वर्षं त्यांना बसलेलंच पाहिलं. लखनौच्या सरकारी कॉलनीत आमचे क्वार्टर एकाला एक लागून होते. व्हरांडा सामाईक, मधे कमरेएवढी भिंत. भिंतीपलीकडे अमीनाबादच्या बाजारातून आणलेली, वेताच्या बैठकीची एक रुंद खुर्ची, आणि खुर्चीत शामराव. माणूस सज्जन, केंद्र सरकारच्या कचेरीत सेक्शन ऑफिसर, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. पण उठेल तर शपथ.

सकाळी छंगा रिक्षावाला थेट व्हरांड्याच्या पायरीला सायकलरिक्षा लावायचा. शामराव खुर्चीतून उठून रिक्षात बसत, रिक्षातून उतरून कचेरीच्या खुर्चीत बसत, आणि संध्याकाळी हेच उलट. कचेरी हाकेच्या अंतरावर होती. मी शाळेत शिकवायला त्याच रस्त्याने पायी जायचे आणि पुष्कळदा रिक्षाच्या आधी पोचायचे. घरी चहा खुर्चीपाशी, ताट खुर्चीपाशी, हात धुवायला तांब्या-परातही खुर्चीपाशी. पंख्याचं बटण हात लांब केला तर लागेल एवढ्यावर होतं, तरी ‘मृणाल, पंखा!’ अशी हाक जायची. त्यांची लेक आतून ‘आ रही हूँ बाबा’ म्हणत यायची. ‘मराठीत बोल गं,’ असं ते म्हणाले की ती म्हणे, ‘हाँ बाबा.’

माझा जळफळाट व्हायचा. मला ऐदी माणसाचा मनापासून राग आहे. पण हा ऐदीपणा नव्हता, हा त्या घरातला कायदा होता, आणि त्याची अंमलबजावणी करायला खुर्चीच्या पायाशी गयाआजी बसलेल्या असायच्या. शामरावांची आई.

शामरावांचे वडील नगर जिल्ह्यातल्या एका गावचे येसकर होते. म्हणजे गावाचं सगळं चालणं त्यांच्या पायांवर. सरकारी टपाल पुढच्या गावाला न्यायचं, मयताचा सांगावा पाहुण्यांच्या गावाला द्यायचा, आणि मामलेदार आला की घुंगराची काठी वाजवत त्याच्या घोड्यापुढे धावायचं. बदल्यात शिळी भाकर. आम्ही नागपूरकडचे, पण आमच्या आजोबांचंही धावणं तेच. शामराव पहिल्यांदा नोकरीला लागले तेव्हा म्हातारा अंथरुणावर होता. त्याने पोराला जवळ बोलावून सांगितलं, ‘शामा, माझ्या वाटचं चालून झालं. तुझ्या वाटचं बी म्याच चाललो. आता तू निस्ता बस.’ आणि डोळे मिटले.

नवऱ्याचा शेवटचा शब्द. गयाआजींनी तो पाळायला घेतला तो असा की विचारू नका. शामराव पाणी घ्यायला उठायला लागले तरी त्या खांदा दाबून त्यांना खाली बसवत. ‘बस रं. आपल्या सात पिढ्या उभ्या हुत्या.’ स्वतः मात्र सत्तरीची ही बाई अमीनाबादला पायी जायची आणि सब्जीची पिशवी खांद्यावर टाकून पायी यायची. रिक्षात कधी बसली नाही. ‘माणसाच्या पायावर म्या न्हाई बसायची.’ ‘मग शामभाऊ बसतात ते?’ मी एकदा विचारलं. ‘त्याची गोष्ट येगळी. त्यो सायेब हाय.’ खुर्चीतही त्या कधी बसल्या नाहीत. ती त्यांच्या मते देवळाइतकी उंच जागा होती.

पुढे शामराव बुटाची नाडी बांधताना धापा टाकायला लागले. पाय सुजले. त्यांची बायको सुभद्रा मला म्हणाली, ‘मालिनीताई, तुम्ही चला डॉक्टरांकडे. तुमची हिंदी कडक आहे.’ म्हणून मी गेले. गयाआजी तर होत्याच.

डॉक्टर अस्सल लखनवी. त्यांनी शामरावांच्या तळपायाला टाचणी टोचली. शामराव शांतपणे भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिले. ‘जनाब,’ डॉक्टर म्हणाले, ‘आपकी टाँगें सिर्फ़ रखी हुई हैं, इस्तेमाल में नहीं हैं।’ रक्तात साखर चढली होती, दाब चढला होता. बसून बसून हृदयाची ताकद गेली होती. रोज अर्धा तास चाला, नाहीतर वर्षाच्या आत एक तर पाय जाईल, नाहीतर तुम्ही जाल, असं त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

मी ते गयाआजींना मराठीत सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘त्याला म्हनावं, ह्याचा बा चालून चालून मेला. चालनं औषीद असतं तर त्यो कसा मेला?’

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. ‘माताजी, आपकी बात में वज़न तो है।’ आता काय म्हणावं! माणसाचा जीव वाचवायचा असला तरी लखनौत आधी समोरच्याच्या मुद्द्याची तारीफ करावी लागते.

शेवटी गयाआजींनी तोड काढली. डॉक्टरला पाय हलायला हवेत ना? हलतील. रोज सकाळी शामराव खुर्चीत पेपर वाचत बसायचे, आणि त्या खाली बसून त्यांचे पाय आळीपाळीने उचलायच्या, गुडघ्यात दुमडायच्या, सरळ करायच्या. ते जाडजूड पाय उचलताना त्यांचा पदर घामाने भिजायचा. ‘झाली कसरत,’ म्हणत शामराव पेपराचं पान उलटायचे. महिन्याभराने आम्ही पुन्हा गेलो. शामरावांची साखर होती तिथेच होती. डॉक्टरांनी सगळी हकीकत ऐकून घेतली, मग गयाआजींची नाडी पाहिली आणि अदबीने म्हणाले, ‘इस कसरत से माताजी की सेहत माशाअल्लाह बहुत अच्छी हो गई है।’

सुभद्रेने एकदा हिंमत करून सासूच्या नकळत नवऱ्याला कचेरीतून पायी यायला लावलं. पण छंगा रिकामी रिक्षा घेऊन मागे. पैसे देऊ केले तर घेईना. ‘बाबूजी, बिना सवारी बैठाए पइसा कैसे ले लें? हराम का हो जाएगा।’ मग फुकट बसा म्हणाला, तर शामरावांना ते पटेना. दोघं भर रस्त्यात एकमेकांची समजूत घालत उभे राहिले, आणि छंगाचे डोळे भरून आले तेव्हा शामराव मुकाट्याने रिक्षात चढले. चालणं तिथेच संपलं.

त्या वर्षी चौदा एप्रिलला कॉलनीच्या हॉलमध्ये बाबासाहेबांची जयंती होती. अध्यक्ष शामराव. मंडपवाल्याने अध्यक्षांसाठी लाल गादीची, लोखंडी हातांची खुर्ची पाठवली होती, ती कुणा सडपातळ अध्यक्षाच्या मापाची. शामराव तिच्यात कसेबसे उतरले. भाषणं झाली, आणखी भाषणं झाली. शेवटच्या वंदनेला सगळे उठले. शामरावही उठले, आणि त्यांच्याबरोबर खुर्चीही उठली.

चारही पाय हवेत. शामरावांनी हात जोडले, डोळे मिटले आणि सबंध वंदना तशीच म्हटली. कुणी हसलं नाही. लखनौत इतकी वर्षं काढून आपली माणसंही अदबशीर झाली होती. अध्यक्षांनी खुर्ची पाठीशी घेतली आहे तर असेल काही पद्धत! मागच्या रांगेत अकोल्याहून नुकताच बदलून आलेला नंदकुमार नावाचा कारकून होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि बिचाऱ्याने आपलीही खुर्ची उचलून पाठीशी धरली.

वंदना संपल्यावर ओढाओढ सुरू झाली. तिघांनी शामरावांचे खांदे धरले, बाहेरून छंगाला बोलावून खुर्चीचे पाय धरायला लावले. मला हसू आवरेना. मग पाहते तर शामरावांचे ओठ काळेनिळे पडले होते. श्वास घशात अडकला आणि ते खुर्चीसकट जमिनीवर कोसळले. खुर्चीचा एक हात वाकवून त्यांना सोडवलं, पाणी मारलं. किती तरी वेळाने त्यांनी डोळे उघडले आणि हा पन्नाशीकडे झुकलेला साहेब सगळ्यांसमोर लहान पोरासारखा रडला. ‘आई, मला उठताच येईना गं!’

गयाआजी मुलाकडे पाहत नव्हत्या. त्या आडव्या पडलेल्या खुर्चीकडे पाहत होत्या. ‘पोरगं खुर्चीवर बसलं म्हनून म्या समद्या गावाला साखर वाटली,’ त्या म्हणाल्या. ‘ही तर खुर्चीच माझ्या पोरावर बसलीया.’

डॉक्टरांनी काही दिवस पडून राहायला सांगितलं होतं, ते संपले. त्यानंतरच्या सकाळी मी चहा गाळत होते तर व्हरांड्यात घुंगरं वाजली. बाहेर आले. गयाआजींच्या हातात ट्रंकेच्या तळातून काढलेली ती काठी होती, येसकराची.

शामरावांचा चेहरा पांढरा पडला. ‘आई, ठेव ती. ते पुढं धावणं संपलं आपलं.’

‘तुझा बा दुसऱ्याच्या घोड्याम्होरं पळत हुता,’ गयाआजी म्हणाल्या. ‘म्या माझ्या पोराम्होरं चालनार हाय. कुनाची हिंमत हाय मला आडवायची? ऊठ.’

‘आणि बाबांचा शब्द?’

तो पेचही त्यांनी रात्रभर विचार करून सोडवला होता. खुर्ची सुटता कामा नये आणि पोरगंही हातचं जाता कामा नये. म्हणून खुर्चीने बरोबर यायचं. छंगाने वेताची खुर्ची उचलून रिक्षात चढवली, दोरीने बांधली आणि त्याचा चेहरा उजळला. सवारी मिळाली होती, पैसे हक्काचे झाले होते.

अशी ती मिरवणूक निघाली. पुढे नऊवारीतली म्हातारी घुंगराची काठी आपटत, मधे घामाघूम शामराव, मागे रिक्षात ऐटीत बसलेली खुर्ची. कोपऱ्यावरचा कचोरीवाला कढईतून झारा काढायचा विसरला. ‘किसकी सवारी जा रही है भैया?’

‘साहब की कुर्सी है,’ छंगाने गंभीरपणे सांगितलं.

‘और साहब?’

‘पैदल हैं। शौक़ है।’

कचोरीवाल्याने मान डोलावली. लखनौत शौक म्हटलं की पुढे कुणी विचारत नाही. चार दिवसांत लोक खुर्चीला आदाब करायला लागले.

सुरुवातीला शामराव दर विजेच्या खांबाला थांबत. रिक्षा थांबे, खुर्ची खाली उतरे, ते बसून दम खात, खुर्ची पुन्हा चढे. छंगाच त्या चढउतारीने थकून जायचा. हळूहळू एक खांब सुटला, मग दोन. पावसाळ्यानंतर ते पाण्याच्या टाकीपर्यंत न बसता जायला लागले. शिंप्याकडे पँटी आत घ्यायला गेल्या. डॉक्टरांनी टाचणी टोचली तेव्हा शामराव ‘आई गं!’ म्हणून ओरडले, आणि मला इतका आनंद झाला की मी दवाखान्यात टाळ्या वाजवल्या. पंख्याचं बटण आता ते स्वतः दाबायचे. मृणाल सवयीने ‘आ रही हूँ’ म्हणत यायची आणि परत जायची.

खुर्ची मात्र रोज फिरायला जात राहिली. तिची गरज उरली नव्हती, पण छंगाच्या पोटाचा प्रश्न होता, आणि गयाआजींनी पाळलेल्या शब्दाचाही.

तीन-एक हिवाळ्यांनंतरची गोष्ट. धुकं होतं, मीही त्या दिवशी बरोबर निघाले होते. टाकीच्या अलीकडे घुंगरं थांबली. गयाआजी काठीवर भार देऊन उभ्या होत्या, पाय थरथरत होते. ‘काय न्हाई. जरा उभी ऱ्हाते,’ त्या म्हणाल्या.

शामरावांनी छंगाला खूण केली. खुर्ची खाली उतरली. त्यांनी ती शालीने पुसली, आईच्या मागे ठेवली आणि तिचा खांदा हळूच दाबला.

‘न्हाई रं, तुझी हाय ती.’

‘बस आई. आपल्या सात पिढ्या उभ्या होत्या.’

गयाआजी बसल्या. आधी कडेवर, उठायच्या तयारीत. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, कुणी ऊठ म्हणतंय का ते. रस्त्यावर कुणी काही म्हणालं नाही. मग त्यांनी पाठ टेकली. त्यांचे पाय जमिनीला पोचत नव्हते.

शामरावांनी आईच्या हातातून काठी घेतली आणि घुंगरं वाजवत एकटेच टाकीकडे निघाले. धुक्यात ते दिसेनासे झाले, नुसता आवाज येत राहिला. गयाआजी कान देऊन ऐकत होत्या. मग खुर्चीतूनच ओरडल्या, ‘आरं, भराभरा चाल की! तुझा बा काय असा चालायचा?’