गॅसवरचं भरीत

नरडाण्याच्या स्टेशनावर आबा, म्हणजे माझे सासरे, आम्हाला सोडायला आले होते. गाडी हलायच्या आधी त्यांनी खिडकीतून वांग्यांची पिशवी आत कोंबली. मोठी, हिरवी, भरताची वांगी. मांडीवर पोरगी, पायाशी भांड्यांचं पोतं, आणि त्यात ही वांगी. सुरतेला काय वांगी मिळत नाहीत? "रविवारले भरीत करज्यात," एवढंच ते म्हणाले. गाडी सुटली तरी हात न हलवता उभे होते.

अक्का, हे तुला लिहितेय. तू थोरली जाऊ म्हणून गावी राहिलीस आणि तुला वाटतं, मी सुटले. माझ्यासारख्या इकडे सुरतेत, उधन्याला आलेल्या बायांनीही वाचावं.

तुला सांगायला नको, गावी रविवारी सकाळी भरीत म्हणजे बाप्यांचं काम. शेतात कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ करायचा, वांगी भाजायची, सोलायची, लाकडी कुंडीत ठेचायची, वर मिरची-लसणाची फोडणी आणि कांद्याची पात. सगळं आबा आणि त्यांची मुलं करायची. आपण दोघी घरी कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या पुऱ्या लाटून डबा शेतात न्यायचो. तेही काम होतंच, पण दोघींत, गप्पा मारत. वर आयतं भरीत ताटात पडायचं, त्याची मला भारी मजा वाटायची.

सुरतेत शेत नाही, काड्या नाहीत. तिसऱ्या मजल्यावर एक खोली, खोलीत ओटा, ओट्यावर गॅस. पहिल्याच रविवारी वांगं गॅसवर गेलं, आणि गॅस माझा म्हणून भरीतही माझं झालं. कुणी ठरवलं नाही, कुणी विचारलंही नाही. ह्यांना मात्र केवढा अभिमान. कारखान्यात सांगायचे, "आमच्या घरची रीतच आहे, रविवारी भरीत." झालं, एकटे राहणारे गाववाले दर रविवारी दारात हजर. खाली गल्लीत लोक कागदात फाफडा-जिलेबी बांधून घेतात, वाफवलेल्या डाळीच्या गरम लोचोच्या गाडीपुढे गर्दी असते. मी म्हणायचे, एकदा ते आणू या ना. "बाहेरचं काय खायचं?" हे म्हणायचे. बरोबर आहे, आतलं करायला मी आहे ना.

आठवडाभर मी घरी बसून कापड मार्केटच्या साड्यांना टिकल्या लावते. मान धरते, बोटांचा गोंद निघता निघत नाही. मला रविवारची एक सकाळ हवी होती, झोपायला. दुसरं काही मागत नव्हते. त्याऐवजी खोलीभर धूर, चिकट झालेली शेगडी, खोकणारी पोरगी आणि एकटीने लाटायच्या पुऱ्या. भाजल्या वांग्याचा वास आला की बाकीच्यांना गाव आठवायचं, माझं डोकं दुखायला लागायचं. खरं सांगते, मला भरताचा राग यायला लागला होता. आबांचाही यायचा.

ह्या हिवाळ्यात आबा डोळ्याच्या ऑपरेशनला आमच्याकडे आले. रविवारी मी ओट्याशी उभी, आणि हे नि गाववाले भिंतीला टेकून मोबाईलमध्ये. आबा काळा चष्मा लावून खाटेवर बसलेले. वास आला तसे म्हणाले, "भरीत बायकास्ना हातमा कसं उनं?"

हे हसले. "आबा, इथं काड्या कुठल्या? गॅसवर करावं लागतं."

"मंग गॅसले बाईच लागस का?"

आबांनी लेकाला उठवलं आणि मला म्हणाले, "तू पड बेटा." मी पडले. एकच खोली, जाणार कुठं? भिंतीकडे तोंड करून पदर डोक्यावर घेतला. झोप कसली लागतेय. भांडी आपटत होती, हे बोटं भाजून घेत होते, आबा बसल्या जागेवरून दरडावत होते, आणि मला रडू येत होतं. आनंदाचं नाही. आपण किती दमलोय ते आडवं झाल्यावर कळलं, म्हणून.

आबा होते तोवर दर रविवारी असंच चाललं. मग त्यांना गावी कपाशीच्या शेवटच्या वेचणीची घाई लागली. मी किती वेळा म्हटलं, आबा, राहा अजून. त्यांना वाटलं, सून मायाळू आहे. माया होतीच, पण माझा रविवार जाईल याची भीती त्याहून जास्त होती.

ते गेल्यावरच्या रविवारी हे माझ्या अंथरुणाशी येऊन उभे राहिले. "अगं, माणसं आलीत."

मी जागीच होते. म्हटलं, "मग बसवा त्यांना. मी आज उठणार नाही."

आता चार लोकांत भांडण होणार, असं वाटलं. मग ओट्याशी लायटर वाजला, आणि ह्यांनी हळूच विचारलं, तेल कुठंय.

वांगी देठाकडे कच्ची राहिली होती. पुऱ्यांऐवजी कुणीतरी खालून पाव आणला. मी उठून ताट घेतलं तेव्हा बाकीच्यांचं आटोपलं होतं.

अक्का, तू फोनवर दरवेळी विचारतेस, घरी कधी येणार. येऊ उन्हाळ्यात. पुढच्या रविवारी काय होईल मला माहीत नाही, आणि मान अजून दुखतेच आहे. पण घर म्हटलं की हल्ली मला हीच खोली दिसते. इथं एका रविवारी मी उठले नाही, आणि तरी सगळे जेवले.