शहाण्णव लाख नव्व्याण्णव हजार सहाशे नव्वद

चाकणहून थेरगावला परतताना कंपनीच्या बसमध्ये एक सहकारी माझ्या शेजारी बसायचे. पॅकिंगला होते. खोक्यांवरचे सात आकडी नंबर दिवसभर नजरेखालून जायचे, त्यातले काही ते बसमध्ये डायरीत उतरवायचे. मी डोकावलो की पान हाताने झाकायचे.

"काय लिहिता?"

"काय न्हाई राव, आपलं असंच."

हा माणूस मालाची माहिती बाहेर पुरवतोय, असं माझ्या मनाने घेतलं. आठवडाभर पाळत ठेवली आणि शेवटी सिक्युरिटीला सांगून टाकलं.

गेटवर त्यांना सगळ्यांसमोर बसमधून उतरवलं. सिक्युरिटीच्या साहेबांनी डायरी चाळली. पानापानावर एकेक नंबर आणि खाली नुसते भागाकार. एका नंबराभोवती लाल गोल होता: ९६९९६९०.

"हे काय आहे?"

"साहेब, ह्यो आकडा लई दुर्मीळ हाय. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, सतरा, एकोणीस, ह्या पहिल्या आठ मूळ संख्यांचा गुणाकार. लोक हसत्यात, म्हणून दावत न्हाई कुणाला."

साहेबांनी मोबाइलवर गुणून पाहिलं आणि डायरी परत दिली. माफी कुणीच मागितली नाही.

बस सुटल्यावर त्यांनी डायरी पिशवीत ठेवली. मग हळूच म्हणाले, "भाऊ, कुणी सांगितलं असंल हो? मला तर ड्रायव्हरच वाटतोय."

"असेल," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ड्रायव्हरशी बोलणं सोडलं. तो बिचारा अजून मलाच विचारतो, "यांना माझा राग कशाचा आलाय?"