आत्याचं आवतण आणि माझा शेवटचा पेपर

समाजशास्त्राची परीक्षा देताना आसपास समाज असून चालत नाही. हा नियम मी केलेला नाही, आमच्या ऑनलाइन पदवीवाल्यांचा आहे. खोलीत परीक्षार्थी एकटा हवा, मान वळता कामा नये, तोंडातून शब्द निघता कामा नये आणि कॅमेऱ्यातून एक अनोळखी बाई सगळा वेळ आपल्याकडे टक लावून बघत बसणार. (लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली, बायकोनंसुद्धा माझ्याकडे एवढं बघितलेलं नाही!) दोन चुकांना ताकीद मिळते, तिसऱ्या चुकीला पेपर बंद.

आता पन्नाशीतल्या माणसाला ही दुर्बुद्धी का सुचली, तेही सांगतो. मी सोलापुरातल्या एका शाळेत क्लार्क आहे. आमचे हेडक्लार्क तीन वर्षांनी जूनमध्ये निवृत्त होणार होते आणि त्यांच्या खुर्चीवर माझा केव्हाचा डोळा होता. मुख्याध्यापक म्हणाले, "दत्तोबा, तोपर्यंत पदवी आणा आणि खुर्ची घ्या. नाही जमलं तर मग गायकवाड." गायकवाड! ज्याला मी फायलीला टॅग कसा लावायचा इथपासून शिकवलं, तो गायकवाड माझा साहेब होणार? मला जेवण जाईना. मी तावातावानं बी. ए.ला नाव घातलं. विषय समाजशास्त्र निवडला, कारण म्हटलं, समाजात तर आपण जन्मापासून राहतोय, त्याचा वेगळा अभ्यास तो काय करायचा! (इथंच फसलो.)

तर रडतखडत सगळे पेपर निघाले आणि शेवटचा उरला. विषय 'कुटुंब आणि नातेसंबंध'. हा गेला तर वर्ष गेलं आणि वर्ष गेलं तर खुर्ची गेली.

परीक्षा मे महिन्यात, भर दुपारी. मी खिडकीला चादर टांगली, दाराला चादर टांगली (सोलापुरात दुसऱ्या कशाचा तोटा असेल, चादरीचा नाही) आणि आवाज नको म्हणून पंखाही बंद केला.

"अहो, उकडून मराल," सुनंदा, म्हणजे आमची मंडळी, म्हणाली.

"मेलो तरी हेडक्लार्क म्हणून मरेन. तू फक्त बाहेरच्या दारात बस. कुणीही आलं तरी सांगायचं, घरी नाहीत."

"आणि तुमच्याकडचं कुणी आलं तर?"

"आमच्याकडचं कोण येतंय या उन्हात!"

तासाभराचा पेपर सुरू झाला. पहिलाच प्रश्न वाचला आणि मला उकळ्या फुटल्या. 'शहरीकरणामुळे नातेसंबंधांची पकड सैल झाली आहे. सोदाहरण चर्चा करा.' हे तर पुस्तकातलं पाठ होतं! मी धडाधड टाइप करायला लागलो. 'होय. शहरात माणूस एकटा पडला आहे. त्याला नावागावानं ओळखणारं कुणी उरलेलं नाही. नातेवाईक पूर्वसूचनेशिवाय येत नाहीत.' इथं मी पूर्णविराम दिला आणि बाहेरून हाक आली.

"दत्ता हाय का गं घरात?"

सोनाआत्या! माझ्या वडिलांची थोरली बहीण, दिलेली टेंभुर्णीला. तिच्या घराला लागूनच हायवे असल्यामुळे तिला ट्रकच्या वरताण आवाजात बोलायची सवय आहे.

"ते... घरी नाहीत आत्या," सुनंदाचा आवाज आला.

"चपला तर हितंच हायत. अनवानी गेलाय व्हय?"

सुनंदानं चपला पायानं बाजूला सारल्याचा आवाज आला.

"खरं सांग सुनंदा. आजारी हाय का काय?"

"नाही हो आत्या. आत परीक्षा चाललीय त्यांची."

"परीक्षा? ह्या वयात? अगं, जावई यायच्या वयात परीक्षा कसली देतोय त्यो!"

माझी मान जराशी, अगदी जराशीच, दाराकडे वळली. लगेच पडद्यावर लाल अक्षरं उमटली: 'पहिली सूचना. समोर पहा.' मी झटकन मान सरळ केली.

बाहेर सुनंदा तिला बसवायचा प्रयत्न करत होती. "आत्या, जरा टेका, जेवा, तोवर होईलच त्यांचं."

"बसून कसं चालंल? खाली जीप हुभी हाय, अजून अक्कलकोट गाठायचंय. नातवाचं लगीन काढलंय. पयली पत्रिका देवापुढं ठेवली, दुसरी माहेराला. ही भाच्याच्याच हातात द्यायची असती, बाई. तुज्या हातात दिऊन गेले तर लोकं काय म्हनतील, भाच्याला मान न्हाय दिला?"

हे मात्र खरं आहे. आमच्यात पत्रिका नुसती टेकवून जात नाहीत. कुंकू लावायचं, डोक्यावर अक्षता टाकायच्या, तोंडानं आवतण द्यायचं, आणि समोरच्यानंही तोंडानं "येतो" म्हणायचं. तो "येतो" म्हणेपर्यंत आवतण पोचलं असं धरत नाहीत. आणि माझं तोंड तर नियमानं बंद!

तेवढ्यात दाराची चादर हलली. मग ती चादर आत चालायला लागली. (आत्या तिच्यात गुरफटली होती. पण कॅमेऱ्यात बघणाऱ्या बाईला एक चादर परीक्षार्थीवर चालून येताना दिसली असणार!) चादर खाली पडली आणि तिच्यातून आत्या निघाली, एका हातात करंडा, दुसऱ्या हातात पत्रिका.

"अगं बाई, कोंडून घेतलंय लेकराला! पंखा तरी लावा की गं!"

पडद्यावर 'दुसरी सूचना. खोलीत अन्य व्यक्ती.' मी जागच्या जागी थिजलो. आत्यानं माझी हनुवटी धरली, कपाळाला कुंकू लावलं, डोक्यावर अक्षता टाकल्या आणि पत्रिका थेट कीबोर्डवर ठेवली. 'नातेवाईक पूर्वसूचनेशिवाय येत नाहीत' या वाक्यापुढं क क क क क अशी रांग धावत सुटली.

"सोमनाथचं लगीन हाय. समद्यांनी चार दिस आधी यायचं. येतूस न्हवं?"

मी समोर बघत गप्प.

"येतूस न्हवं, दत्ता?"

मी फक्त डोळे मिटून उघडले. याहून जास्त हालचाल करायची सोय नव्हती.

"डोळं काय मिचकावतोस? बोल की!" आत्याचा आवाज कापायला लागला. "कळलं मला. गेल्या लग्नात तुजा टावेल-टोपीचा मान राहून गेला, म्हनून राग धरलाय. अरे, गडबडीत इसरलं! त्यासाठी बापाच्या सख्ख्या बहिनीसंगं अबोला? तुजा बाप असता तर त्यानं असं तोंड फिरवलं नसतं रे!" आणि तिनं डोळ्याला पदर लावला.

आता सांगा, समोर खुर्ची, बाजूला रडणारी आत्या! खरं सांगतो, मला भडभडून आलं. पण खुर्चीचा मोह वाईट. मी गप्पच राहिलो. तेवढ्यात लॅपटॉपमधून आवाज आला, "सर, खोली ताबडतोब रिकामी करा, नाहीतर मला पेपर बंद करावा लागेल. आजी, तुम्ही प्लीज बाहेर जा."

आत्याचं रडं तिथल्या तिथं थांबलं. पडद्याच्या कोपऱ्यात चष्म्यातली एक तिशीची बाई दिसत होती. आत्या वाकली.

"भाईर जा? माज्या माहेरात मला भाईर जा म्हननारी तू कोन गं? गाव कुटलं तुजं?"

"आजी, परीक्षा चालू आहे."

"चालू दे की. गाव तर असंल का न्हाय तुला?"

"माढा," बाईंच्या तोंडून निघून गेलं. (गाव विचारलं की आपल्याकडे उत्तर आपसूक येतं, त्याला इलाज नाही.)

"माढा! मग आडनाव काय?"

"माहेरचं का सासरचं?" बाई म्हणाल्या आणि मी कपाळाला हात लावला. गेलं! सगळं गेलं! नियमावलीचा किल्ला ढासळला.

"माहेरचं सांग."

"जगदाळे."

"वेशीजवळचं जगदाळं? कमळीच्या माहेरचं?"

"कमलआत्या? टेंभुर्णीची?" बाईंनी चष्माच काढला. "अगं बाई! म्हणजे तुम्ही सोनाकाकू? कमलआत्याच्या थोरल्या जाऊबाई?"

"आता गं बया! तू सुरेखा व्हय? एवढीशी हुतीस, माज्या मांडीवर खेळलीस! दत्ता, अरे, ही माज्या जावंची भाची. म्हंजे माजी बी भाचीच की! तू भाचा, ही भाची. भैन लागती तुजी! आन् भैनीनं भावाचा पेपर बंद करायचा म्हंजे काय?"

सुनंदा दारातून बघत होती. तिनं बाईंना नमस्कार केला, बाईंनी तिला केला. "वहिनी, आमच्या दादांना पंखा तरी लावा," बाई म्हणाल्या. मला वाटलं, चला, सुटलो! घरचाच मामला झाला.

आणि मग बाईंचा चेहरा एकदम पडला. "दादा, एक घोटाळा झाला. परीक्षार्थी नात्यातला निघाला तर निरीक्षकाला थांबता येत नाही. मला वर कळवावं लागेल."

"कळीव की!" आत्या खूश होऊन म्हणाली. "समद्यांस्नी कळीव. आनंदाचीच गोष्ट हाय!"

पडदा काळा झाला. त्यावर एकच ओळ: 'निरीक्षण स्थगित. जागेवर बसून राहा.' माझ्या डोळ्यांपुढं गायकवाड माझ्या खुर्चीत बसून पाय हलवायला लागला. ज्या बाई मला ओळखत नव्हत्या म्हणून पेपर चालला होता, त्या ओळखीच्या निघाल्या म्हणून बंद पडला! आत्यानं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"भैन गावली म्हनून भरून आलं व्हय रे?"

"आत्या," मी फुटलोच, "येतो! लग्नाला येतो! चार दिवस काय, आठ दिवस आधी येतो! आता कायमचा मोकळाच आहे मी!"

"हां, आता कसं!" ती म्हणाली आणि तिचं तोंड उजळलं.

इतक्यात पडद्यावर मिशावाले एक गृहस्थ उगवले. "नवीन निरीक्षक. आधीच्या सूचना रद्द. अर्धा तास शिल्लक आहे. सुरू करा."

आत्या पुन्हा वाकायला लागली. "आता ह्यो कुटला रं?"

"सुनंदा!" मी ओरडलो. सुनंदानं जन्मात पहिल्यांदा माझं ऐकलं. तिनं आत्याला कवेत धरलं आणि "आत्या, शेंगाची चटणी बांधून द्यायचीय तुम्हाला, चला" म्हणत उचलूनच बाहेर नेलं.

मी स्वतःचं उत्तर वाचलं. 'त्याला नावागावानं ओळखणारं कुणी उरलेलं नाही. क क क क क.' माझं मलाच हसू आलं. सगळं खोडलं आणि घामाघूम होऊन नव्यानं लिहिलं: 'नाही. नातेसंबंधांची पकड अजिबात सैल झालेली नाही.' आणि उदाहरण म्हणून घडलं ते जसंच्या तसं लिहून काढलं. चपला, चादर, कुंकू, सुरेखाताई, सगळं.

निकाल लागला. काठावर का होईना, पास झालो आणि खुर्ची मिळाली. (गायकवाड आता मला "जरा आत येऊ का?" म्हणतो. ऐकायला फार बरं वाटतं.) सोमनाथच्या लग्नात टॉवेल-टोपीही मिळाली, तीही दोनदा, कारण सुरेखाताईंचा भाऊ म्हणून तिकडूनही मान आला.

लग्नघरीच मी लॅपटॉप उघडून आत्याला तपासलेला पेपर दाखवला. त्या प्रश्नाला निम्म्याहून कमी गुण होते आणि खाली परीक्षकांचा शेरा होता: 'उदाहरण मनोरंजक, पण काल्पनिक. प्रत्यक्ष समाजात असे घडत नाही.'

मी तो वाचून दाखवला. आत्या ताडकन उठून बसली. "काल्पनिक? म्हंजे खोटं म्हनतोय व्हय मला? कोन हाय त्यो? आडनाव काय? गाव कुटलं त्याचं?"

मी खाड्कन लॅपटॉप मिटला. न जाणो, तोही आमचा कुणी लागला, तर पास झालेला पेपर परत जायचा!