डोंगरातला टोरबोर्गचा आवाज

आमच्या ग्रोनेस गावात टोरबोर्गला न घाबरणारा माणूस दाखवा, माझा बर्फ ढकलायचा ट्रॅक्टर त्याला बक्षीस! शाळेच्या स्वयंपाकघरात तिचा जन्म गेला. सत्तरी उलटली तरी गुरुवारचं वाटाण्याचं सूप तिच्याच हातचं, आणि ते संपवल्याशिवाय पॅनकेक नाही, मग तू कोणाचंही पोर का असेनास. मी स्वतः रडत रडत ते सूप गिळलंय. पण कोणाच्या घरी बाप पिऊन पडलाय हे तिला न सांगता कळायचं, आणि त्या पोराच्या दप्तरात गुपचूप पाव पडायचे.

एकाच गोष्टीवर तिच्या तोंडाला कुलूप होतं. रशिया येईल या धास्तीने लष्कराने आमचा डोंगर आतून पोखरला होता, आणि तरुणपणी ती तिथे कामाला होती. काय काम, विचारलं की म्हणायची, "कॉफी पी आणि गप बस, बिर्गेर." मी गप बसायचो. गप बसण्यात आमच्या गावाचा हात कोणी धरणार नाही.

त्या मार्चमध्ये एका कंपनीने लष्कराच्या जुन्या दारातून आत शिरून डोंगरात बोगदा खणायला घेतला. माझी मुलगी इल्वा दोन सोबत्यांबरोबर आत होती. सोमवारी दुपारी धोक्याचा भोंगा वाजला. आमच्याकडे तो दर तीन महिन्यांनी चाचणी म्हणून वाजतोच, कोणी मान वर करत नाही. मीही केली नाही. पण नेमकी त्याच दिवशी बोगद्याने लष्कराची जुनी भिंत फोडली होती. आत इतकी वर्षं झोपलेल्या यंत्राने तो भोंगा ऐकला आणि ते जागं झालं. बोगद्याच्या तोंडाशी लष्कराचं लोखंडी दार धाडकन खाली येऊन बंद झालं.

बोगद्याच्या वाटेवरचा बर्फ मीच ढकलायचो, म्हणून माझ्याकडेही कंपनीची वॉकीटॉकी होती. तिच्यावर इल्वा किंचाळली, "बाबा, रणगाड्यासारखं काहीतरी आहे! गोळ्या झाडतंय! एस्किलच्या पायाला लागली!"

पोलिसांचं हेलिकॉप्टर यायचं कधी आणि पोर वाचायची कधी! मी ट्रॅक्टर थेट नेऊन दारावर घातला. फाळ वाकला, दार हललं नाही. तेवढ्यात दारावरच्या कर्ण्यातून एक पोरगी गोड आवाजात बोलली, "ओळख सांगा. नाहीतर गोळी."

"बाजूला हो, बिर्गेर," मागून टोरबोर्ग म्हणाली. दार पडल्याचा धडाका ऐकून धावत आली होती, धाप लागली होती. "तो माझा आवाज आहे. त्या यंत्राला मीच बोलायला शिकवलं. ते माझंच ऐकतं, पण समोर उभं राहून सांगावं लागतं."

"मरशील म्हातारे!"

"मग गुरुवारचं सूप तू कर."

माझी वॉकीटॉकी हिसकावून ती दारासमोर गेली आणि तिने नाव सांगितलं. आवाज थकला होता, तरी यंत्राने ओळखला. दार फटभर उघडलं आणि तिच्यामागे मिटलं.

बाहेर मी आणि बोगद्याचा पहारेकरी सिक्स्टन, दोघं त्याच्या वॉकीटॉकीला कान लावून बसलो. गोळ्या. लोखंडी पट्ट्यांची खरखर. मग एकच आवाज दोन वयांत बोलायला लागला.

"समोर तीन माणसं. पास नाही. शत्रू."

"शत्रू नाहीत गं. आपली माणसं."

"पास नसलेला तो शत्रू. मागे एकाला मारलं. तू सांगितलंस, शत्रू होता."

इल्वाचे हुंदके ऐकू येत होते.

"मी खोटं बोलले," टोरबोर्ग म्हणाली. "साहेबांनी म्हणायला लावलं आणि घाबरून मी म्हणाले. तो एवाल्ड होता. आपलाच शिपाई. त्याच्याकडे पास नव्हता, कारण मीच म्हटलं होतं, ये मला भेटायला, चाचणीच्या भोंग्यात कोण बघतंय!"

सिक्स्टन मटकन बर्फात बसला. एवाल्ड त्याचा थोरला भाऊ. बंदूक टाकून सीमेपलीकडे नॉर्वेत पळाला, असंच आम्ही सगळे समजत होतो. त्यांचा बाप मरेपर्यंत मान खाली घालून गावातून चालला.

"म्हणजे पास नसलेला माणूस आपला असतो?" यंत्रातल्या पोरीचा आवाज.

"असतो गं पोरी. बहुतेक वेळा आपलाच असतो."

मी देवाचं नाव घेत नाही, त्या वेळी घेतलं.

"एवाल्ड आपला. हे तिघे आपले. धोका टळला." यंत्राची घरघर बंद पडली आणि दार वर गेलं. इल्वा एस्किलला खांद्यावर टाकून आली, मागोमाग तिसरा. मी पोरीला अशी मिठी मारली की ती ओरडली.

शेवटी टोरबोर्ग आली. वॉकीटॉकीचं बटण तिने अजून दाबूनच धरलं होतं. बोट उचललं असतं तर तिचं गुपित आतच राहिलं असतं. सिक्स्टन बाहेर आहे हे ठाऊक असून तिने ते उचललं नाही. गोळ्यांसमोर मीही कदाचित गेलो असतो. ते बटण मी धरलं नसतं.

ती सिक्स्टनसमोर उभी राहिली.

"तो पळाला नव्हता," सिक्स्टन म्हणाला.

"नाही. आतच पुरलाय. जागा मला माहीत आहे."

मला वाटलं, हा आता तिला मारतो. सिक्स्टनने बाहीने नाक पुसलं आणि उठला. "चल, दाखव." वाट निसरडी होती. ती घसरू नये म्हणून त्याने तिचा दंड धरला आणि दोघं आत गेली.